चौथं रीळ आधी

मी मुळातच भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शौर्याची आशा धरायला नको. मला लिफ्टची भीती वाटते, कुत्र्यांची वाटते, आणि साहेबांनी "जरा आत ये" म्हटलं की सगळ्यात जास्त वाटते. माझी बहीण माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. ती मला लहानपणापासून "वाघा" म्हणते, ते याचमुळे.

भीती न वाटणारी एकच जागा मला जगात सापडली, ती म्हणजे सिनेमाचं थिएटर. म्हणून मी ऑपरेटर झालो. वर केबिनमध्ये मी, माझी दोन मशीनं आणि भिंतीतली एक चौकोनी खिडकी. खिडकीपलीकडे तीनशे माणसं, पण सगळी पाठमोरी. पाठमोऱ्या माणसांची मला भीती वाटत नाही.

सिनेमाचं वेड लावलं ताईनेच. ताई संकलक. दिग्दर्शकाने ढीगभर फिल्म चित्रित करून आणली की त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं आणि कशामागून काय जोडायचं हे बघणारी. सव्वीस वर्षं ती एका बिनखिडकीच्या खोलीत हेच करते आहे. मी सहा वर्षांचा असताना तिने मला पहिल्यांदा सिनेमाला नेलं, तेव्हा मी पडद्यापेक्षा तिच्या उजव्या हाताकडेच जास्त पाहत होतो. खुर्चीच्या हातावर ठेवलेली तिची दोन बोटं मधूनच कात्रीसारखी मिटायची. दृश्य इथे कापायला हवं होतं असं तिला जिथे वाटायचं, तिथे. तिला स्वतःला ते कळतही नसे. अजूनही तसंच आहे. तिच्या स्वतःच्या सिनेमातही बोटं मिटतात, कारण दिग्दर्शक शेवटी आपलंच खरं करतात.

दरवर्षी पुरस्कारांची नामांकनं जाहीर होतात त्या दिवशी माझी आणि आमच्या डोअरकीपरची चुरस असते. त्याला सगळे कॅलेंडर म्हणतात, कारण कोणता सिनेमा कधी लागला आणि किती आठवडे चालला हे तो झोपेतून उठवलं तरी सांगतो. आदल्या दिवशी आम्ही जुन्या तिकिटांच्या पाठीवर आपापले अंदाज लिहून ठेवतो. हरलेल्याने वर्षभर दुसऱ्याच्या अकलेला नावं ठेवायची नाहीत, एवढीच अट. ती आजवर कुणीच पाळलेली नाही.

या वर्षी मंगळवारी सकाळी अकरा वाजता रेडिओवरच्या बाई यादी वाचायला लागल्या आणि पाच मिनिटांत आमची दोघांचीही तिकिटं फुकट गेली. एकोणीस आठवडे चाललेल्या, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सिनेमाला एकच नामांकन, आणि तेही वेशभूषेला. जिच्यासाठी मी एक सिनेमा चौदा वेळा दाखवला आणि चौदाही वेळा पाहिला, त्या नटीचं तर नावच नाही. मी तावातावाने समितीची अक्कल काढत होतो, कॅलेंडर हो ला हो करत होता. मग संकलनाची पाच नावं आली. चौथं नाव ताईचं होतं.

कॅलेंडर स्टुलावरून उठलाच. त्याने माझ्या पाठीत अशी थाप मारली की मला ठसका लागला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! मी ओरडण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी समितीचा अभिप्राय वाचला: "दुःख आधी दाखवून त्याचं कारण मागाहून सांगण्याचं विलक्षण धाडस."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ताईने असलं कोणतंही धाडस केलेलं नव्हतं. ते मी केलं होतं, आणि तेही चुकून.

झालं होतं असं. दीड महिन्यापूर्वी निवड समितीने आलेले सिनेमे बघायला सकाळच्या वेळी आमचं थिएटर घेतलं होतं. ताईचा सिनेमा सहा रिळांचा, एकेक रीळ वीस मिनिटांचं. एका मशीनवर एक रीळ चालू असताना दुसऱ्या मशीनवर पुढचं लावून ठेवायचं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात खुणेचा ठिपका चमकला की हे बंद, ते सुरू. रिळाच्या सुरुवातीला त्याचा आकडा असतो. तो वाचल्याशिवाय रीळ मशीनवर चढवायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा.

त्या सकाळी मी तासभर आधी आलो होतो. ताईचे डबे उघडले, रिळं बाहेर काढली आणि हातभर फिल्म उलगडून ट्यूबलाइटसमोर धरून बघत बसलो. एक दृश्य कुठे संपतं आणि दुसरं कुठे लागतं, ताईने कुठे कापलंय, ते बघायला. दुसरा कुठलाही ऑपरेटर असलं काही करणार नाही. त्यांच्या लेखी रीळ म्हणजे वजनदार चकती, बाकी काही नाही. मी मात्र हरखून गेलो होतो. मग जिन्यावर बुटांचे आवाज आले आणि मी घाईघाईने रिळं डब्यांत कोंबली. तिसरं चौथ्याच्या डब्यात गेलं आणि चौथं तिसऱ्याच्या.

सिनेमा सुरू झाल्यावर तरी आकडा वाचायचा. पण ताईचा सिनेमा मी पहिल्यांदाच बघत होतो. डोळे खिडकीला चिकटलेले, हात सवयीने मशीनवर.

एक म्हातारा बाप आणि त्याचा मुलगा, एवढीच गोष्ट. तिसऱ्या रिळात त्यांचं भांडण होतं आणि मुलगा बॅग उचलून घर सोडतो. चौथ्या रिळात म्हातारा रोज टेबलावर दोघांचं जेवण मांडतो, एकटा जेवतो, आणि दुसरी ताटली न वापरताच पुसून कपाटात ठेवतो. पाचव्यात मुलाचं पत्र येतं. मी दुसऱ्यानंतर चौथं लावलं. म्हातारा दोन ताटल्या मांडायला लागला, मुलगा कुठेच दिसेना, आणि मला वाटलं, वा, ताईने काय कोड्यात टाकलंय. चार मिनिटांनी पुढचं रीळ चढवायला चौथ्या डब्यातून काढलं आणि त्यावरचा आकडा दिसला: तीन.

मशीन थांबवायला हवं होतं. मी हात उचललाही. पण खाली समितीचे अध्यक्ष बसले होते. एके काळचे मोठे नट, आवाज असा की माईक लागत नाही. माझ्या आधीच्या ऑपरेटरच्या हातून त्यांच्यासमोर फिल्म तुटली होती आणि दुसऱ्या दिवशी तो ऑपरेटर कामावर नव्हता. शिवाय अर्ध्यात थांबलेल्या सिनेमाला कोण निवडणार? मी हात खाली घेतला. चौथं संपल्यावर तिसरं लावलं, मग पाचवं, सहावं. दिवे लागले, मंडळी उठली, कुणी काही बोललं नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि मी मूग गिळून बसलो.

नामांकनांच्या दिवशी दुपारी ऑफिसात ताईचा फोन आला. ती हसतही होती आणि रडतही होती, मधेच नाक ओढत होती. दिग्दर्शक पुढच्या सिनेमासाठी कुठल्याशा डोंगरात गेले होते, त्यांनी तिकडून अभिनंदनाची तार पाठवली होती. अभिप्रायाचं विचारलं तर म्हणाली की रेडिओवाल्यांनी दुसऱ्या कुणाचा तरी कागद तिच्या नावापुढे वाचला असणार. मी "हो, तसंच असेल" म्हटलं.

तासाभरात मॅनेजरने नोटीस लावली. नामांकन मिळालेले सिनेमे रविवारपासून आमच्याच थिएटरात पुन्हा दाखवायचे. तीच समिती ते पुन्हा बघणार आणि अंतिम निकाल ठरवणार. ज्यांना नामांकन मिळालं तेही येणार. पहिलाच सिनेमा ताईचा, सकाळी दहाला.

मी ती नोटीस तीन वेळा वाचली आणि जिन्यावर बसून राहिलो. सिनेमा बरोबर लावला तर समितीला दिसणार की हा आपण निवडलेला सिनेमाच नव्हे. नामांकनानंतर ताईने तो गुपचूप बदलला असं म्हणतील, आणि ताईचं नाव कायमचं खराब होईल. पुन्हा उलटा लावला तर समिती खूष, पण तिथे ताई बसलेली असणार. स्वतःच्या हाताने जोडलेला सिनेमा तिच्या डोळ्यांदेखत उलटा चालेल. आणि कबूल करावं तर नोकरी जाणार, ती गेली तर गेली, पण नामांकनही जाणार. तिन्ही बाजूंनी मी कापला जात होतो.

बुधवारी सांगायचंच असं ठरवून ताईच्या घरी गेलो. आई ताईकडेच असते. तिने वर्तमानपत्रातलं कात्रण कपाटाच्या काचेत आतून लावलं होतं आणि अभिप्रायाच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली होती. मला जवळ बोलावून तिने ती ओळ मोठ्याने वाचायला लावली. मी वाचली. दुसऱ्यांदा वाचायला लावली, तीही वाचली. ताई टेबलाशी चहा गाळत होती.

"आई, ती ओळ माझी नाहीच मुळी," ताई म्हणाली. "माझ्या वाट्याला धाडस कधी आलंय? सगळी धाडसं दिग्दर्शकांची. मी आपली कापणारी." मग चहाचा कप माझ्यापुढे ठेवत हळूच म्हणाली, "पण आवडली बरं का मला, वाघा. चुकून का होईना, आपल्या नावापुढे आली."

मी तो चहा तसाच ठेवून न सांगताच निघालो. गुरुवारी तिला फोन लावला आणि ती "हॅलो" म्हणताच ठेवून दिला. शुक्रवारी एक चिठ्ठी लिहिली आणि तिचे बारा तुकडे केले. शनिवारी कॅलेंडरने विचारलं की बरं नाहीये का, चेहरा पांढराफटक पडलाय. मी म्हटलं, पोट बिघडलंय. ते तरी खरं होतं.

रविवारी ताई नवीन चपला घालून आली आणि त्या चावत असाव्यात अशी चालत शेवटून तिसऱ्या रांगेत बसली, कडेच्या खुर्चीवर. ती नेहमी तिथेच बसते. रांगेच्या टोकाला पायाशी एक छोटा दिवा असतो, त्याच्या उजेडात वरून तिचा उजवा हात मला स्पष्ट दिसतो. अध्यक्ष मधल्या रांगेत बसले. मी पहिलं रीळ सुरू केलं. दुसरं सुरू केलं. मग टेबलावरच्या दोन डब्यांसमोर उभा राहिलो.

मी तिसरं लावलं. हे सत्याच्या प्रेमाने वगैरे झालं असं समजू नका. मला समितीची भीती वाटत होती, पण ताईची त्याहून जास्त वाटत होती, एवढंच.

भांडण सुरू झालं तसं मधल्या रांगेतलं एक डोकं वळलं. मग दुसरं. कुजबुज झाली. मुलगा बॅग घेऊन निघाला तेव्हा अध्यक्षांनी थेट मागे वळून माझ्या खिडकीकडे पाहिलं. पाठमोरा माणूस एकदम समोर तोंड करतो तेव्हा काय होतं ते त्या दिवशी मला कळलं. मी खिडकीखाली बसलो. रीळ संपलं, मध्यंतराचे दिवे लावले, आणि लोखंडी जिन्यावर बुटांचा आवाज आला. त्यामागे चपलांचा.

अध्यक्ष आत आले तेव्हा केबिन अर्धी झाली. मागे ताई. तिला त्यांनीच वर आणलं होतं, तिच्या सिनेमाचं वाटोळं कुणी केलं ते तिला बघता यावं म्हणून. ते मला म्हणाले की मी दोन रिळं उलट क्रमाने लावली आहेत. सव्वीस वर्षं काम करणाऱ्या बाईच्या मेहनतीची मी तिच्यासमोर माती केलीय. हे सगळं ते हळू आवाजात बोलत होते, आणि त्याने मी जास्तच घाबरलो.

"उलट कुठे?" ताई म्हणाली. "नाही हो साहेब, हे तर..."

आणि ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. जन्मभर तुकडे जोडत आलेली बाई ती. टेबलावरचे डबे, माझा चेहरा, रेडिओवरची ती ओळ, हे सगळं तिने एका क्षणात जोडलेलं मला दिसलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की सुटकेचं दार उघडं आहे. मी नुसतं हो म्हणायचं. आज चुकलं म्हणायचं, नोकरी घालवायची, चौथं लावून मग तिसरं पुन्हा दाखवायचं, आणि ताईचं नामांकन तिच्याकडेच राहणार. आयुष्यात पहिल्यांदाच माझं घाबरणं कुणाच्या तरी कामी येणार होतं.

"चुकलं, साहेब," मी म्हणालो.

अध्यक्षांनी मान हलवली. राहिलेलं रीळ लाव, मग हे परत लाव आणि उद्या मॅनेजरला भेट, असं सांगून ते वळले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांचा पाय पडला होता.

"साहेब, त्याचं आज चुकलेलं नाही," ताई म्हणाली. "माझा सिनेमा असाच आहे. तुम्ही तेव्हा पाहिलात तो माझा नव्हता."

अध्यक्ष परत आत आले आणि माझ्या स्टुलावर बसले. खाली लोक खोकत होते. जवळून पाहिल्यावर ते थकलेले आणि बरेच म्हातारे दिसत होते.

"बाई," ते म्हणाले, "हे मी ऐकलंच नाही असं धरून चालू का? कुणाला कळणार नाही."

"मला कळलंय ना," ताई म्हणाली.

ती खाली जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. मी चौथं रीळ चौथ्या जागी लावलं. सिनेमा सरळ संपला, चार टाळ्या वाजल्या. सोमवारी दोन ओळींचं पत्र आलं की तांत्रिक कारणामुळे संकलनाचं एक नामांकन मागे घेण्यात येत आहे. माझी नोकरी का गेली नाही ते मला माहीत नाही. मॅनेजरने एक लेखी ताकीद दिली, तीही खालमानेने. कॅलेंडरने मला काहीच विचारलं नाही, आणि त्याच्यासारख्या माणसाने गप्प राहणं सोपं नव्हतं.

ताई नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही. फोन केला की आई उचलायची आणि "ती कामात आहे रे" म्हणायची. ते कात्रण काचेतून काढलं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. ताईने कायमचं तोंड फिरवलं तर काय, या विचाराने मी रोज मशीन चालवताना आकडे पुन्हा पुन्हा वाचायचो.

दहाव्या दिवशी सकाळी ती केबिनच्या दारात उभी होती. त्याच चपला, पण आता पायात बसलेल्या. निकाल लागेपर्यंत सगळ्या प्रिंट आमच्याकडेच होत्या आणि पहिला खेळ बाराचा होता. तिने इकडेतिकडे पाहिलं, डब्यांवर हात ठेवला.

"लाव," ती म्हणाली. "त्या पहिल्या दिवशी समितीला लावलास तसा."

मी काहीतरी बोलायला गेलो, पण ती जिना उतरून गेली होती. रिकाम्या थिएटरात शेवटून तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर ती एकटी बसली. मी पहिलं रीळ सुरू केलं आणि खिडकीतून तिचा हात बघत राहिलो. पडद्याकडे माझं लक्षच नव्हतं. पहिल्या रिळात तिची बोटं पाच वेळा मिटली. दुसऱ्यात सहा वेळा. मी मोजत होतो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

मग कोपऱ्यात ठिपका चमकला आणि मी चौथं सुरू केलं. म्हाताऱ्याने टेबल पुसलं, एक ताटली ठेवली, समोर दुसरी ठेवली. ताईची बोटं खुर्चीच्या हातावर होती. म्हातारा जेवला. त्याने दुसरी ताटली पुसली आणि कपाटात ठेवली. बोटं तशीच. मला वाटलं, आता मिटतील, मिटायलाच हवीत, देवा, एकदा तरी मिटू देत. वीस मिनिटं मी श्वास धरून होतो. बोटं हलली नाहीत. मग तिसरं लागलं, बाप आणि मुलगा एकमेकांवर ओरडायला लागले, मागे त्याच दोन ताटल्या दिसत होत्या, आणि तेव्हाही ती हलली नाहीत. शेवटपर्यंत हलली नाहीत.

सिनेमा संपला. दिव्यांचं बटण माझ्या बोटाखाली होतं, पण दाबवेना. अध्यक्षांना, मॅनेजरला, कुणालाच मी आजवर इतका घाबरलो नव्हतो. दिवे लागले की ती वळणार आणि मला तिचा चेहरा बघावा लागणार. तिच्या सव्वीस वर्षांच्या कामात जे तिला साधलं नाही ते माझ्या घाईतून झालं होतं, आणि तिची न मिटलेली बोटं मला तेच सांगत होती.

तीच बोलली. अंधारातच, मागे न वळता.

"वाघा, चौथ्यापासून परत लाव. मला नीट बघायचंय."

मी रीळ गुंडाळून घेतलं आणि मशीनवर चढवलं. चढवण्याआधी त्यावरचा आकडा दोनदा वाचला.